टीबी नाही, म्हणून खिडकी बंद करू नका : आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य,
मा. सहसंचालक, आरोग्य सेवा (क्षयरोग व कुष्ठरोग), पुणे,
आणि विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांचे क्षयरोग अधिकारी

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल यांसारखी औषधं विकली की शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या, रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या लिहावी लागते. २०१४ पासून हा नियम आहे. मार्च २०१८ पासून टीबीची औषधं नेणाऱ्यांची माहिती क्षयरोग कार्यालयाला कळवणंही आम्हा औषध विक्रेत्यांवर बंधनकारक झालं. हा नियम मला पटतो आणि मी तो मनापासून पाळते. टीबी युनिटचे सुपरवायझर येतात, रजिस्टर बघतात, नावं उतरवून नेतात, घरी जाऊन भेटतात. खाजगीत पैसे संपवत बसलेला माणूस त्यामुळे सरकारी गोळ्यांपर्यंत पोचतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पण काही नावं परत येतात. ‘मॅडम, हा आपला पेशंट नाही. कल्चरमध्ये टीबी निघाला नाही, एनटीएम आहे.’ (कल्चर म्हणजे थुंकीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं, एनटीएम म्हणजे टीबीच्याच कुळातला दुसरा जंतू.) एवढं सांगून सुपरवायझर पुढच्या दुकानात जातात. त्यांचा दोष नाही, त्यांच्या यादीत ह्या माणसासाठी रकानाच नाही. रुग्ण मात्र तोच असतो. तोच खोकला, तीच संध्याकाळची कणकण, गळ्याची दिसणारी हाडं, आणि पुष्कळदा औषधंही तीच. फरक एवढाच की काल जी गोळी त्याला फुकट मिळत होती, ती आज तो माझ्या काउंटरवर विकत घेतो. ह्या फरकाबद्दलच मी हे पत्र लिहिते आहे.

आजाराची ओळख आपणा अधिकाऱ्यांना करून द्यायची गरज नाही, पण हे पत्र खुलं आहे आणि माझ्या भागातले लोकही ते वाचतील, म्हणून लिहिते. टीबीचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू एकाच कुळातले, मायकोबॅक्टेरियाचे. ह्या कुळात आणखी दीडशेच्या वर जाती आहेत. त्यांना मिळून नॉनट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरिया, म्हणजे एनटीएम म्हणतात. हे जंतू मातीत राहतात, पाण्यात राहतात, टाकीच्या आणि नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात, क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत. आपण सगळेच ते रोज श्वासातून आणि पाण्यातून घेतो आणि धडधाकट छाती त्यांचा निकाल लावते. ज्यांची छाती आधीच खराब झालेली असते तिथे ते घर करतात. जुन्या टीबीने फुप्फुसात पोकळी राहिलेली असते, श्वासनलिका रुंदावून त्यात कफ साचत असतो, वर्षानुवर्षं बिडी ओढलेली असते, चुलीच्या धुरात जन्म गेलेला असतो. आता हे वर्णन घेऊन आमच्याकडच्या कोणत्याही गावात फिरा. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये रुईच्या धुळीत उभी राहणारी माणसं, वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या धुळीतली माणसं, आणि टीबीतून एकदा बरी झालेली, पण पूर्वीचा दम कधीच परत न आलेली माणसं. हा आजार टीबीच्या मानाने दुर्मीळ आहे, हे खरं. पण तो ज्यांना गाठतो ती माणसं आमच्या भागात कमी नाहीत.

आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही. टीबीत घरच्यांची तपासणी करतात, मुलांना प्रतिबंधक गोळ्या देतात, ते योग्यच आहे. एनटीएममध्ये त्यातलं काही लागत नाही. तरी रुग्णाचं ताट, तांब्या, बिछाना वेगळा होतो, कारण तपासणीची चिठ्ठी इंग्रजीत असते आणि हे वाक्य त्यांना मराठीत, कोलामांच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, जाऊन किंवा बंजारा तांड्यावर जाऊन कोणी सांगितलेलं नसतं.

माझ्याकडे औषध नेणाऱ्या एका बाईंबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव लिहीत नाही. वय पन्नाशीच्या आतबाहेर, शेतमजुरी, हंगामात जिनिंगला जाणं. दहा-बारा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, पूर्ण गोळ्या खाऊन बऱ्या झाल्या होत्या. पुन्हा खोकला सुरू झाला, थुंकीत रक्ताची रेघ दिसली. थुंकी तपासली, सूक्ष्मदर्शकाखाली लाल जंतू दिसले. दिसणारच, कारण त्या रंगात टीबीचा जंतू आणि एनटीएम सारखेच लाल दिसतात, नुसत्या डोळ्याने वेगळे करता येत नाहीत. जुना टीबी होताच, त्यामुळे पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. महिने गेले, फरक पडला नाही. मग औषधाला दाद न देणारा टीबी असावा, असा संशय आला, कारण एनटीएमच्या बऱ्याच जाती टीबीच्या नेहमीच्या औषधांना मुळातच जुमानत नाहीत. शेवटी कल्चर गेलं, त्याचे आठवडे मोजून झाले, आणि उत्तर आलं की टीबी नाही.

घरात साखर वाटली त्यांनी. टीबी नाही म्हणजे आपण सुटलो, असं वाटलं. दुसऱ्या महिन्यात लक्षात आलं की खात्यावर पोषणाचे पैसे आले नाहीत. आशाताईंनी गोळ्यांची पाकिटं परत नेली होती. फाइल बंद झाली होती आणि खोकला चालूच होता.

मोठ्या शहरातल्या छातीच्या डॉक्टरांनी तीन औषधं लिहून दिली : अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल. मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाच्या जंतूसाठी जगभर हीच तिकडी देतात. किती दिवस? थुंकीचं कल्चर स्वच्छ आल्यानंतर पुढे किमान बारा महिने. म्हणजे स्वच्छ व्हायला लागणारा काळ धरून दीड वर्षाच्या आसपास. अमेरिका आणि युरोपातल्या वैद्यकीय संस्थांनी २०२० मध्ये मिळून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आहे.

ह्या तिघांपैकी रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही दोन औषधं आपल्या खात्याच्या प्रत्येक जिल्हा भांडारात असतात, टीबीसाठी. अझिथ्रोमायसिन तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतं. म्हणजे औषध सरकारकडे आहे, वाटणारी माणसं आहेत, गावापर्यंतची साखळी आहे. फक्त ह्या बाईंच्या कागदावर जो शब्द लागतो, तो नाही.

आता काउंटरवरचा हिशेब. अझिथ्रोमायसिनची पाचशे मिलिग्रॅमची गोळी वीस-पंचवीस रुपयांना पडते. बाकीची दोन धरून महिन्याचं बिल डोसाप्रमाणे हजार-बाराशेच्या घरात जातं. शहरातल्या वाचकाला ही रक्कम मोठी वाटणार नाही. कर्करोगाच्या औषधांपुढे ती काहीच नाही, मान्य. पण मजुरीच्या घरात ती कशी बसते ते पाहा. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती, निंदण-वेचणीला बाईमाणसाला बहुधा त्याहून कमीच मिळते. घरातल्या दोघांनी वर्षातले दोनशे दिवस प्रत्येकी तीनशेने काम केलं असं धरू, कोरडवाहू भागात एवढे दिवस मिळाले तर नशीब. वर्षाचे झाले एक लाख वीस हजार. आजारावरचा खर्च आणि त्यामुळे बुडालेली कमाई मिळून घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेली, तर जागतिक आरोग्य संघटना टीबीच्या बाबतीत त्याला कुटुंब कोलमडवणारा खर्च म्हणते. ह्या घरासाठी ती रेघ चोवीस हजारांवर आहे.

नुसत्या गोळ्यांचे वर्षाला बारा ते पंधरा हजार. छातीचा सीटी स्कॅन बाहेर केला तर तीन-चार हजार. यकृताची तपासणी, थुंकीचं कल्चर दर एक-दोन महिन्यांनी. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, यवतमाळला पोचणं वेगळं. मार्च २०२३ पासून बाईंना एसटीचं अर्धं तिकीट लागतं, ही खरंच मोठी सोय झाली, पण सोबत येणाऱ्या नवऱ्याचं तिकीट पूर्ण, मजुरी दोघांची बुडते, आणि मुक्काम पडला तर नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या वऱ्हांड्यात झोपून बाहेर जेवावं लागतं. अशा दोन-तीन फेऱ्यांत चोवीस हजारांची रेघ मागे पडते. आणि बाईंना दम लागतो म्हणून त्यांचं कामावर जाणं थांबलं, म्हणजे साठ हजार मुळातच गेले, त्याची बेरीज मी अजून केलेलीच नाही.

ह्या घरात काय काय झालं ते मला दिसतं, कारण उधारीच्या वहीतून घर दिसतं. आधी दोन शेळ्या गेल्या. मग तूर घरात आली त्याच आठवड्यात व्यापाऱ्याला दिली, भाव वाढेपर्यंत थांबता आलं नाही. डोरलं गहाण पडलं. लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, ते थेट गोळ्यांना जातात, आणि ज्या महिन्यात हप्ता उशिरा येतो त्या महिन्यात गोळ्याही उशिरा. धाकट्या मुलीचं यवतमाळला कॉलेज होतं. ती आता गावातच असते, आईऐवजी वेचणीला जाते.

ह्याच्या पुढचा भाग मला सगळ्यात जास्त छळतो, आणि त्यासाठीच हे पत्र सविस्तर लिहिते आहे.

पैसे कमी पडले की माणूस काउंटरवर विचारतो, ‘ताई, ह्या तीनमधली मेन गोळी कोन्ती हाये? तेवढीच द्या, बाकीच्या पुढल्या मयन्यात नेतो.’ हा प्रश्न अगदी शहाणपणाचा आहे. रक्तदाबाच्या किंवा व्हिटॅमिनच्या चिठ्ठीत त्याचं उत्तर मी देतेही. इथे मात्र ते उत्तर घातक ठरतं. मेन गोळी अझिथ्रोमायसिन आहे, आणि नेमकी तीच एकटी घ्यायची नसते. एव्हियम गटाच्या जंतूवर ती एकटी काही महिने पडली, तर जंतू तिला सरावतो. बाकीच्या दोन गोळ्या मुख्यतः तिचं संरक्षण करण्यासाठी असतात. ती चालेल असा जंतू असताना निम्म्याहून अधिक रुग्णांची थुंकी उपचाराने स्वच्छ होते. एकदा जंतू तिला सरावला, की सुमारे पाचांपैकी एकाचीच होते. एवढी उतरण आहे, आणि ती उतरण सुरू होते पाचशे रुपये कमी पडण्यापासून.

मी नाही म्हणते. सांगते की घ्यायच्या तर तिन्ही घ्या, नाहीतर डॉक्टरांना विचारून तिन्ही थांबवा. उधार देते. पण माझ्या दुकानात नाही म्हटलं तरी अझिथ्रोमायसिन कुठेही मिळतं. सर्दीलाही देतात, तापालाही देतात. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला चिठ्ठी न बघता पट्टी कापून देणारं कोणीतरी सापडतंच. टीबीच्या बाबतीत शासनाने हा धोका फार पूर्वी ओळखला. अर्धवट औषधाने जंतू बिघडतात, म्हणून औषध फुकट केलं, गोळ्या एकत्र केल्या, घरापर्यंत पोचवल्या. तोच विचार ह्या आजाराला लागू होतो, शब्दशः.

काहींचा आजार याहून अवघड असतो. फुप्फुसात पोकळी असेल तर सुरुवातीचे दोन-तीन महिने ॲमिकॅसिनचं इंजेक्शनही लागतं. ते आठवड्यातून तीनदा देता येतं, प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येतं, पण कानावर परिणाम होतो का हे तपासत राहावं लागतं. आणि मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस नावाची जात निघाली, तर विचारू नका. इमिपेनेम, लिनेझोलिड, क्लोफॅझिमिन अशी औषधं लागतात. इमिपेनेमच्या एका दिवसाच्या इंजेक्शनांची छापील किंमत शेतमजूर बाईच्या आठवड्याच्या मजुरीपेक्षा जास्त होते. क्लोफॅझिमिन हे मुळात कुष्ठरोगाचं औषध. तेही आपल्याच खात्यात आहे, त्याच सहसंचालकांच्या अखत्यारीत. ज्या विदर्भात कुष्ठरुग्णांसाठी दत्तपूर आणि आनंदवन उभं राहिलं, तिथे ह्या औषधाने कातडी काळवंडते हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. आज एनटीएमसाठी ते घेणाऱ्याकडे गाव पुन्हा त्याच नजरेने बघतं.

मग योजनांचं काय, असं आपण विचाराल. मी एकेक करून पाहिलं आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता सगळ्यांसाठी आहे, मर्यादा पाच लाखांची आहे, आणि तिच्यामुळे आमच्या भागातल्या कितीतरी लोकांची हृदयाची ऑपरेशनं झाली. पण ती रुग्णालयात भरती होणाऱ्यासाठी आहे. दीड वर्ष घरी राहून खायच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. बाईंच्या नवऱ्याला एका ठिकाणी सांगण्यात आलं की ॲडमिट झाल्या तर बघू. भरती होण्याएवढ्या बिघडायची वाट का पाहायची, हा त्यांचा प्रश्न मी इथे मांडते.

दुर्मीळ आजारांसाठी केंद्राचं २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे. त्यातले आजार मुख्यतः जन्मजात, जनुकीय दोषांचे. त्या मुलांना ती मदत मिळायलाच हवी. जंतूमुळे होणारा हा आजार त्या यादीत येत नाही.

क्षयरोग कार्यक्रमात निक्षय पोषणाचे पैसे आहेत, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला हजार रुपये झाले. रुग्णाला मदत करायला पुढे आलेल्या निक्षय मित्रांचं धान्याचं किट आहे. आदिवासी भागातल्या रुग्णाला प्रवासासाठी साडेसातशे रुपये आहेत. ह्या सगळ्याची किल्ली एकच, टीबीचं निदान. म्हणजे दुर्मीळ म्हणावं तर पुरेसा दुर्मीळ नाही, टीबी म्हणावं तर टीबी नाही, आणि भरती होण्याएवढा गंभीर आज नाही. तिन्ही खिडक्यांवर जाऊन माणूस माझ्या काउंटरवर येतो.

जनऔषधी केंद्रात अझिथ्रोमायसिन माझ्यापेक्षा स्वस्त मिळतं. मी स्वतः लोकांना तिकडे पाठवते. त्याने बिल कमी होतं, प्रश्न संपत नाही.

आता मागणी. एव्हियम गटाच्या आणि इतर एनटीएमच्या ज्या रुग्णांना छातीच्या डॉक्टरांनी उपचार ठरवून दिला आहे, त्यांना क्षयरोग कार्यक्रमाच्याच खिडकीतून औषध द्या. नवी योजना नको, नवं नाव नको, उद्‌घाटन नको. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्याला अधिकार द्या, की कल्चरचा अहवाल आणि तज्ज्ञाची चिठ्ठी पाहून सुटं रिफॅम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि अझिथ्रोमायसिन महिन्याच्या हिशेबाने द्यावं. सुटं हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. टीबीच्या एकत्र गोळीत आयसोनियाझिड असतं, एव्हियम गटाच्या ह्या उपचारात त्याचं काम नाही. उगाच यकृतावर भार पडतो. भांडारात सुट्या गोळ्यांचा थोडा साठा वाढवावा लागेल, एवढीच नवी खरेदी.

मी औषध विक्रेती आहे, डॉक्टर नाही, पण एक सावधगिरी मागणीसोबतच लिहायला हवी. थुंकीत एकदा एनटीएम सापडला म्हणजे आजार झालाच, असं नसतं. तो पाण्यातून, नळातूनही नमुन्यात येतो. म्हणून वेगवेगळ्या वेळच्या किमान दोन नमुन्यांत तो उगवला पाहिजे, स्कॅनमध्ये खुणा दिसल्या पाहिजेत, त्रास असला पाहिजे. काही रुग्णांना नुसतं लक्षात ठेवून थांबणं हाच योग्य उपचार असतो, आणि पोकळी नसलेल्या सौम्य आजारात गोळ्या रोजच्याऐवजी आठवड्यातून तीनदा देऊनही चालतं. खर्चही त्याने कमी होतो. हे सगळं ठरवायला योग्य तपासणी लागते, आणि तपासणीच आज सगळ्यात मोठी अडचण आहे.

आपल्याकडे सीबीनॅट आहे, ट्रूनॅट तालुक्याला आलं आहे. ही यंत्रं फक्त टीबीचा जंतू शोधतात. एनटीएम असेल तर ‘टीबी आढळला नाही’ एवढंच सांगतात. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसतात आणि यंत्र टीबी नाही म्हणतं, हीच तर धोक्याची घंटा. अशा प्रत्येक रुग्णाचे दोन नमुने आपोआप कल्चरला गेले पाहिजेत, रुग्णाने मागणी करण्याची वाट न पाहता. नागपूरच्या प्रयोगशाळेत कल्चर होतं. पण अहवालावर नुसतं ‘एनटीएम’ लिहून उपयोग नाही. कोणती जात, हे कळल्याशिवाय डॉक्टर औषध निवडू शकत नाहीत, कारण एव्हियमला चालणारं औषध ॲबसेससला चालेलच असं नाही. जात ओळखण्याची सोय देशात आहे. आग्र्याची जालमा ही राष्ट्रीय संस्था तर कुष्ठरोग आणि इतर मायकोबॅक्टेरियाच्या आजारांसाठीच आहे. आमच्या जवळ सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं रुग्णालय आहे, नागपूरला मेडिकल आणि मेयो आहेत, मिहानमध्ये एम्स आहे. ह्यांपैकी एका ठिकाणी महिन्यातून एक दिवस विदर्भातल्या एनटीएम रुग्णांची ओपीडी ठेवा आणि तालुक्याच्या डॉक्टरांना फोनवरून सल्ला मिळेल अशी व्यवस्था करा. माणूस दर वेळी वेगळ्या दारात जाऊन पहिल्यापासून कथा सांगत बसणार नाही.

डोळ्यांबद्दल वेगळं लिहिते. इथॅम्ब्युटॉलने दृष्टीच्या नसेवर परिणाम होऊ शकतो. सुरुवात बहुधा रंग नीट न ओळखू येण्यापासून, खास करून लाल-हिरवा, होते. वेळेत गोळी थांबवली तर दृष्टी बहुधा परत येते, उशीर झाला तर येईलच असं नाही. टीबीत ही गोळी नेहमीच्या उपचारात सहा महिने, इथे दीड वर्ष. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, रंग तपासायचं पुस्तक असतं. दर महिन्याला औषध घ्यायला आलेल्या रुग्णाला तिथेच पाच मिनिटं बसवलं तर एक पैसा जास्त लागणार नाही. आज मी माझ्या दुकानातल्या औषधांच्या खोक्यांवरचे रंग विचारून अंदाज घेते. ती काही तपासणी नव्हे.

नोंदणीबद्दल. टीबी २०१२ पासून कळवणं बंधनकारक आहे. एनटीएम नाही. मग जिल्ह्यात किती रुग्ण, कोणत्या तालुक्यात, जिनिंगमधले किती, जुन्या टीबीचे किती, हे ठरवणार कसं? निक्षय पोर्टलवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, निदान बदलून ‘एनटीएम’ लिहिण्याची आणि पुढे त्याच नोंदीवर औषध-तपासणी चालू ठेवण्याची सोय करा. फाइल बंद होण्याऐवजी पुढे सरकली पाहिजे. जपानमध्ये २०१४ च्या पाहणीत एनटीएमच्या फुप्फुसविकाराचे नवे रुग्ण लाखामागे १४.७ निघाले, संसर्गजन्य टीबीपेक्षा जास्त. तिथे टीबी कमी होत गेला आणि हा आजार वर दिसू लागला. आपणही टीबी कमी करण्यासाठी झटतो आहोत. ते काम यशस्वी होईल तसतसे हे रुग्ण समोर येत जातील, आणि बरे झालेल्या लाखो टीबी रुग्णांच्या जखमी छात्या तर आपल्याकडे आहेतच.

पोषणाचे हजार रुपये हे पोटाचेच पैसे आहेत, जंतूच्या जातीवर ते ठरवू नका. एनटीएमचा रुग्ण टीबीच्या रुग्णाइतकाच वाळतो. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि अझिथ्रोमायसिनने पोट बिघडतं. रिकाम्या पोटी मजुरीला जाणारा माणूस हे दीड वर्ष कसं सोसतो, हे एकदा आमच्याकडे येऊन पाहा.

खर्चाची चिंता असेल तर तीही करून बघा. एका रुग्णाला दीड वर्ष सुट्या गोळ्या देण्याचा खर्च घाऊक सरकारी दराने माझ्या बिलापेक्षा कितीतरी कमी येईल. तोच रुग्ण अर्धवट औषधाने बिघडला, रक्ताची उलटी होऊन भरती झाला, तर फुले योजनेतून त्याचं बिल शासनच भरणार आहे. आणि चुकीच्या निदानाने त्याला महिनोन्‌महिने दिलेल्या टीबीच्या गोळ्याही शासनाच्याच होत्या.

हे सगळं एका दिवसात होणार नाही, मला कळतं. दर ठरतील, समिती बसेल, केंद्राला पत्र जाईल. पण दोन गोष्टींना समिती लागत नाही. पहिली, अकराही जिल्ह्यांना एक परिपत्रक : सूक्ष्मदर्शकात जंतू, सीबीनॅटमध्ये टीबी नाही, अशा प्रत्येक रुग्णाचे दोन नमुने कल्चरला पाठवावेत आणि अहवाल येईपर्यंत त्याची नोंद बंद करू नये. दुसरी, मराठीत एक पानाची चिठ्ठी, आशाताईंच्या हाती देण्यासाठी : हा आजार सहसा एकमेकांना लागत नाही, ताट-बिछाना वेगळा करू नका, तिन्ही औषधं एकत्रच घ्या, रंग ओळखण्यात किंवा ऐकण्यात फरक पडला तर लगेच दवाखान्यात या. चिठ्ठीचा मजकूर आपल्या तज्ज्ञांनी ठरवावा. छापण्याचा खर्च आमच्या तालुक्यापुरता मी आणि माझे काही सहकारी औषध विक्रेते उचलायला तयार आहोत, आणि प्रत्येक दुकानाच्या काउंटरवर ती ठेवू.

एच-वनचं माझं रजिस्टर आपल्या माणसांसाठी नेहमीच उघडं आहे. पुढच्या वेळी सुपरवायझर आले आणि एखादं नाव टीबीचं निघालं नाही, तर त्या नावापुढे काय लिहायचं आणि त्या माणसाला कुठे पाठवायचं, एवढं त्यांना लेखी कळवावं, ही विनंती.

आपली,
एक औषध विक्रेती
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ